शुष्क प्रदेशांतील नागरी जलसंशोधन आणि लोकसहभाग

कमी पावसाच्या प्रदेशातील शहरे दुष्काळ, पुरवठ्यातील खंड आणि वाढती मागणी यांपुढे कशी तग धरतात, आणि त्यांची ही क्षमता कशी वाढवता येईल, याचा अभ्यास तेथील रहिवाशांना सोबत घेऊन करण्याची पद्धत. या पद्धतीत रहिवासी केवळ प्रश्नावली भरून देणारे नसतात. कोणत्या प्रश्नाचा अभ्यास करायचा, मोजायचे काय, आकड्यांचा अर्थ कसा लावायचा आणि निष्कर्ष कोणासमोर मांडायचे, या सगळ्यांत त्यांचा वाटा असतो. प्रत्यक्षात हा वाटा बहुतेक ठिकाणी मोजमापापाशीच थांबतो; प्रश्न आधीच ठरून आलेला असतो.

वार्षिक पर्जन्य आणि बाष्पीभवन-बाष्पोत्सर्जनाची क्षमता (जमिनीतून व झाडांतून वाफ होऊन जाऊ शकणारे पाणी) यांचे गुणोत्तर ०.६५ पेक्षा कमी असलेला प्रदेश शुष्क भूमीत मोडतो. पृथ्वीवरील सुमारे ४० टक्के जमीन अशी आहे आणि दोन अब्जांहून अधिक माणसे तिच्यावर राहतात. येथील शहरे दूरच्या नद्या, खोल भूजल, समुद्राचे गोडे केलेले पाणी किंवा शुद्ध केलेले सांडपाणी यांवर चालतात. या स्रोतांची मोजणी अभियंते उत्तम करतात. मात्र पाणी मुख्य वाहिनीतून गल्लीत शिरले की त्यापुढचा हिशोब सरकारी नोंदीत क्वचितच सापडतो. जॉर्डनची राजधानी अम्मान येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पाणी पाळीने सोडले जाते. मधल्या दिवसांत घर चालते ते गच्चीवरच्या टाक्यांवर, आणि टाकी किती मोठी हे घरच्या ऐपतीवर ठरते. पाळी सर्वांना सारखी असली तरी पाणी सारखे मिळत नाही. दरडोई लिटरची सरासरी हा फरक झाकून टाकते. गल्लीच्या शेवटच्या टोकाला दाब कधी पडतो, टँकर कोणाच्या दारात आधी थांबतो, पाणी भरायला रात्री कोण जागते, हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत असते.

वैचारिक पूर्वपीठिका

कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृती-संशोधनाची कल्पना मांडली. ज्यांच्या परिस्थितीचा अभ्यास होतो त्यांनीच ती बदलण्यासाठी संशोधन करावे, हा विचार १९७० च्या दशकात कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी पुढे नेला. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी आजही उपयोगी पडते. तिच्या तळाशी लोकांना नुसते वळवून घेणे आहे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे व मत विचारणे आहे आणि वर निर्णयाचा अधिकार आहे. तग धरण्याच्या क्षमतेची संकल्पना मात्र परिसंस्थाशास्त्रातून आली, सी. एस. होलिंग यांचा त्यावरील पायाभूत लेख १९७३ चा.

ओरंगी : गल्लीने काढलेला नकाशा

कराचीत वर्षाला सरासरी २०० मिमीच्या आसपासच पाऊस पडतो. या शहरातील ओरंगी या विस्तीर्ण अनौपचारिक वस्तीत अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये एक प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. गल्ली हे कामाचे एकक होते. रहिवाशांनी आपल्या पैशाने आणि श्रमाने घरातली शौचालये आणि गल्लीतली गटारे बांधली. मोठ्या वाहिन्या आणि शुद्धीकरण ही सरकारची जबाबदारी मानली गेली. या कामाची संशोधनाची बाजू कमी सांगितली जाते, आणि खरे बळ तिथेच आहे. वस्तीतल्या तरुणांना जमिनीच्या उंचसखलपणाची मोजणी आणि नकाशे काढणे शिकवले गेले. त्यांनी एकेक गल्ली मोजली. लोकांनी स्वतः बांधलेले जाळे किती मोठे आहे हे त्या नकाशांतून कागदावर आले, आणि नैसर्गिक नाल्यांना हाताशी धरून स्वस्तात व्यवस्था उभी राहू शकते, हे अधिकाऱ्यांसमोर पुराव्यानिशी मांडता आले.

वास्तुविशारद परवीन रहमान यांनी हे काम पुढे वाढवले. शहराच्या कडेची गावठाणे, जलवाहिन्या, बेकायदा हायड्रंट (टँकर भरण्याची ठिकाणे) आणि तिथून चालणारा टँकरचा व्यापार यांची नोंद त्यांच्या गटाने केली. १३ मार्च २०१३ रोजी कराचीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. कोरड्या शहरात पाणी कुठून कुठे जाते याचा नकाशा म्हणजे पैसा कुठून कुठे जातो याचाही नकाशा असतो. म्हणून अशा अभ्यासात स्थानिक सहभागींच्या सुरक्षिततेचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो. बाहेरून आलेला संशोधक परत जातो, माहिती गोळा करणारा त्याच गल्लीत राहतो.

केप टाउन : सरासरीच्या आत

२०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे पाऊस कमी झाल्यावर केप टाउनची धरणे आटली आणि नळ बंद करण्याच्या दिवसाची चर्चा जगभर झाली. १ फेब्रुवारी २०१८ पासून प्रत्येकी रोज ५० लिटरची मर्यादा आली. मागणी दुष्काळापूर्वीच्या तुलनेत निम्म्यावर आली, नळ बंद करावे लागले नाहीत आणि शहराचे कौतुक झाले. ते कौतुक योग्यच आहे, पण अपुरे आहे. २०२३ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रतिमानाधारित (गणिती मॉडेलवर आधारलेल्या) अभ्यासानुसार या शहरातील सुमारे १४ टक्के सधन लोकसंख्या निम्म्याहून अधिक पाणी वापरत होती, तर सुमारे ६२ टक्के गरीब लोकसंख्येच्या वाट्याला २७ टक्के पाणी येत होते. ज्यांना दुष्काळ नसतानाही सामाईक नळावरून बादल्या वाहून न्याव्या लागत, त्यांना काटकसरीचा उपदेश काय करायचा?

कुटुंब म्हणजे काय, हा प्रश्नही इथेच टोकदार होतो. शहरातील अनेक गरीब घरांत रोजचा ठरलेला कोटा संपला की पुरवठा बंद करणारी यंत्रे बसवली होती. कागदावर एक मीटर म्हणजे एक कुटुंब. वास्तवात त्याच जागेच्या मागच्या अंगणात भाड्याच्या खोल्यांत आणखी कुटुंबे राहतात. अभ्यासाचे एकक ठरवतानाच रहिवासी सोबत असतील, तर अशी चूक पहिल्या बैठकीतच दिसते.

सहभाग की मनधरणी

शुद्ध केलेले सांडपाणी पिण्यासाठी वापरणे हे शुष्क शहरांपुढचे सर्वांत नाजूक पाऊल. नामिबियातील विंडहुक १९६८ पासून ते करत आहे. ऑस्ट्रेलियातील तूवूंबा येथे अशाच योजनेवर २९ जुलै २००६ रोजी सार्वमत झाले आणि सुमारे ६२ टक्के मतदारांनी ती नाकारली. तंत्रज्ञान तयार होते, लोकांना मात्र पक्की झालेली योजना दाखवली गेली होती. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीने २००८ मध्ये प्रकल्प सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून नागरिक, डॉक्टर आणि स्थानिक गटांशी संवाद ठेवला आणि तो मान्य झाला. तरीही काटेकोर अर्थाने हे सहसंशोधन नव्हे. लोकांना विश्वासात घेतले गेले, पण कोणता पर्याय तपासायचा हे त्यांनी ठरवले नव्हते. आर्नस्टाइनच्या शिडीवर हे दोन प्रयत्न एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत.

उलट दिशेचे उदाहरण अमेरिकेतील टूसॉनचे. तेथे वर्षाला जेमतेम ३०० मिमी पाऊस पडतो. ब्रॅड लँकेस्टर आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी रस्त्याकडेचे दगडी काठ कापून रस्त्यावरचे पावसाचे पाणी झाडांच्या खड्ड्यांत वळवले. आधी नियमबाह्य असलेली ही पद्धत नंतर शहराने स्वीकारली. इथे प्रयोग वस्तीने केला आणि प्रशासन त्यातून शिकले.

साधने

पाणी भरण्याच्या वेळांची रोजनिशी, वस्तीतून एकत्र चालत केलेली पाहणी, विहिरींच्या पातळीची नियमित मोजणी आणि सामूहिक नकाशे ही नेहमीची साधने. कच्छमध्ये स्थानिक तरुणांना भूजलशास्त्राचे प्रशिक्षण देऊन ‘भूजल जाणकार’ तयार केले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली, २३ देशांतील २८ ठिकाणी तपासलेली बारा प्रश्नांची एक मापनपट्टी घरातील पाण्याची असुरक्षितता मोजते. पाण्यामुळे काळजी वाटली का, बेत बदलावे लागले का, तहानलेले झोपावे लागले का, असे तिचे प्रश्न आहेत. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने फीनिक्ससाठी तयार केलेल्या ‘वॉटरसिम’ या प्रतिमानात वापरणारा स्वतः धोरण बदलून परिणाम पाहू शकतो. मात्र प्रतिमानात कोणते पर्याय ठेवायचे हे बनवणाऱ्याच्या हाती असते, आणि तिथे लोकांना जागा देण्याचे प्रयत्न अजून थोडेच आहेत.

आक्षेप आणि नैतिक प्रश्न

सभेला येणारे म्हणजे वस्ती नव्हे. भाडेकरू, नुकतेच आलेले स्थलांतरित आणि पाणी भरण्यात दिवस जाणाऱ्या स्त्रिया बैठकीत सर्वांत कमी दिसतात. त्यामुळे बैठकीची वेळ हीसुद्धा संशोधनपद्धतीचा भाग ठरते. बेकायदा नळजोडणीची प्रामाणिक नोंद जोडणी तोडण्यासाठी वापरली जाऊ शकते. रोज मोजमाप करणाऱ्या रहिवाशाला मानधन न देणे म्हणजे सहभागाच्या नावाखाली फुकट श्रम घेणे होय.

याहून मोठा धोका तग धरण्याच्या कल्पनेतच आहे. गरीब माणसे कमी पाण्यात भागवतात याला क्षमता म्हटले, की त्यांना अधिक पाणी देण्याची निकड कागदावरून नाहीशी होते. भागवून घेण्यासाठी त्यांना काय सोडावे लागते, मुलीची शाळा की दिवसाची मजुरी, हे न मोजणारा अभ्यास अर्धवट आहे.

दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी या तत्त्वांवर ती उभी आहे, आणि अभ्यासाचे निष्कर्ष समाजाकडे परत आणण्याची अपेक्षा ती संशोधकांकडून करते. शहरी वस्त्यांमध्ये असे लेखी करार अजून विरळ आहेत. त्यांत निदान तीन गोष्टी असाव्या लागतात : माहिती कोणाच्या ताब्यात राहील, ती रोखून धरण्याचा अधिकार कोणाला असेल, आणि निधी संपल्यावर मोजणीची उपकरणे व ती चालवणाऱ्यांचे मानधन यांचे काय होईल. भूजलाचा कल कळायला दहा-वीस वर्षांच्या नोंदी लागतात, तर संशोधनाचा निधी साधारण तीन ते पाच वर्षांत संपतो.