जर्मन चित्रकार अजिंठ्यात शिकले का?

'जर्मन अभिव्यक्तिवादी (हुबेहूब चित्रणापेक्षा भावना रंग-आकारांतून मांडणारे) चित्रकार अजिंठ्यात राहून शिकले, तिथेच त्यांची शैली जन्मली,' असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. प्रभाव खरा आहे, वाट वेगळी आहे.

१८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या. हे कष्टाचे काम आपण फार कमी आठवतो. त्यांवरून १८९६-९७ मध्ये लंडनला दोन खंड छापले गेले. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातल्या 'डी ब्रुके' या अभिव्यक्तिवादी गटातील अर्न्स्ट लुडविग किर्शनर या चित्रकाराने भारतात न येता, १९१०च्या सुमारास, याच पानांवरून रेखाटने केली. गट मात्र त्याआधीच, १९०५मध्ये, स्थापन झालेला; आफ्रिका आणि प्रशांत महासागरातील पलाऊ बेटांवरील कोरीवकामाचाही त्याच्यावर मोठा प्रभाव होता.

पडताळायचे तर किर्शनरची १९१०च्या आधीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवा. भडक रंग आधीपासूनच आहेत. भरीव, गोलाईदार देह अजिंठ्यानंतर येतात.