लाल कॅप, नारंगी कॅप आणि इन्सुलिनचा हिशोब

रात्री साडेनऊच्या सुमारास फार्मसीच्या खिडकीवर एक मुलगा आला, आईला नुकताच डिस्चार्ज मिळालेला, बाहेर रिक्षा उभी, म्हणाला मॅडम इन्सुलिनच्या दहा सिरिंज द्या लवकर. मी म्हटलं दादा, आधी बाटली दाखवा. बाटलीवर १०० लिहिलेलं. आणि आधी कुठली सिरिंज वापरायचात विचारलं तर म्हणाला लाल टोपीवाली, घरी अजून अर्धं पाकीट पडलंय.

आता हा हिशोब नीट बघा, कारण घरात कुणाला डायबेटिस असेल तर तुमच्या कामाचा आहे. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं. नेहमीच्या स्वस्त बाटल्यांमध्ये १ मिलीत ४० युनिट असतात, त्यासाठी लाल कॅपची सिरिंज. पेनमधली कार्ट्रिज आणि काही नवीन प्रकारच्या इन्सुलिनच्या बाटल्यांमध्ये १ मिलीत १०० युनिट, त्यांच्या बाटलीसाठी नारंगी कॅपची सिरिंज. डॉक्टरांनी २० युनिट सांगितलेत आणि १०० वाल्या बाटलीतून लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर आत जातं अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट! अडीच पट. रात्री झोपेत साखर एकदम खाली येते, घाम, थरथर, बेशुद्धी, आणि घरचे समजतात आई गाढ झोपलीय. उलट ४० वालं औषध नारंगी सिरिंजने घेतलं तर २० च्या जागी फक्त ८ युनिट, मग साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवत बसायचं. अमेरिकेसारख्या देशांनी कितीतरी वर्षांपूर्वी १०० हीच ताकद ठरवून टाकली, आपल्याकडे दोन्ही एकाच फ्रिजमध्ये शेजारी शेजारी. या मुलाने मन लावून, प्रेमाने आईला तेच इंजेक्शन दिलं असतं हो, त्यात त्याची काय चूक?

हॉस्पिटलच्या आतही असंच असतं. पोटॅशियम क्लोराईडचं १० मिलीचं अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बंद कुपी, पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, सलाईनच्या बाटलीत मिसळून हळूहळू द्यायचं औषध आहे ते, थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. डिस्टिल्ड वॉटरचं अँप्युल पण तसंच पारदर्शक आणि वॉर्डच्या ट्रेमध्ये त्याच्याच बाजूला, आणि रात्रपाळीची सिस्टर एकटी वीस-पंचवीस पेशंट बघतेय. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ साली आपली पहिलीच धोक्याची सूचना काढली ती याच औषधाबद्दल, आणि उपाय म्हणजे नुसतं "काळजी घ्या" नव्हतं, तर हे अँप्युल वॉर्डातून उचला असं सांगितलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जी वस्तू हाताशीच नाही ती दमलेला माणूस चुकून उचलणार कसा?

नावांचा घोळ तर आणखी वेगळा. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब ही दोन्ही मेंदूच्या मलेरियावरची औषधं, त्यांच्या नावांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००१ मध्ये कोर्टाने म्हटलं की औषधांच्या बाबतीत नावाच्या सारखेपणाकडे जास्त कडक नजरेने बघायला हवं, कारण इथे गोंधळ जिवावर बेतू शकतो. ब्रँडचं नाव दुसऱ्या कुणाच्या नावासारखं नाही असं कंपनीने लिहून द्यायचा नियम यायला मात्र २०१९ उजाडलं. आणि तेही कंपनीनेच लिहून द्यायचं! डॉक्टरांनी जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं असा नियम २०१६ चा, पण खिडकीवर येणाऱ्या चिठ्ठ्या बघितल्या की तो किती पाळला जातो ते रोज दिसतं.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारं टाळता येण्यासारखं गंभीर नुकसान ५ वर्षांत निम्मं करायचं ठरवलं. आपल्याकडे फार्म डी चा, म्हणजे पेशंटसाठी औषधांचा नीट वापर शिकवणारा फार्मसीचा कोर्स २००८ पासून आहे, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत फार्मासिस्टने पेशंटला समजावून सांगायचं कामही लिहिलंय, पण बऱ्याच ठिकाणी फार्मासिस्ट म्हणजे स्टॉक, बिल आणि खिडकी एवढंच. राऊंडला डॉक्टरांबरोबर उभं राहून "सर, किडनीचा रिपोर्ट बघता हा डोस जास्त होतोय" असं म्हणायची जागाच त्याला दिलेली नसते.

आणि चूक सांगायची भीती. मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे थोडक्यात टळलेल्या चुका लिहायचं रजिस्टर होतं, पण पहिली नोंद झाली त्या सिस्टरला दुसऱ्याच दिवशी मेमो मिळाला, त्यानंतर त्या रजिस्टरमध्ये वर्षभर कोणी ओळ लिहिली नाही. कोऱ्या रजिस्टरवरून कोणाला कसं कळणार कुठलं अँप्युल कुठून हलवायचं?

त्या मुलाला मी नारंगी कॅपच्या सिरिंज दिल्या, बाटलीवरचा १०० आणि सिरिंजवरचा १०० शेजारी धरून दाखवला, घरचं लाल पाकीट उद्या परत आणून द्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खरंच घेऊन आला, पाच सिरिंज उरल्या होत्या.