कॉर्नर त्यांचा, गोल यांचा

२ जुलै २०१८, रशियातले रोस्तोव्ह. विश्वचषकाच्या बाद फेरीत बेल्जियम आणि जपान २-२ असे बरोबरीत. ९४वे मिनिट चालू आणि कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून गोलसमोर चेंडू मारायची संधी, जपानला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा सव्वा वाजून गेला होता. होंडाने मारलेला चेंडू बेल्जियमचा गोलरक्षक कोर्तुआने हवेतच झेलला, चार पावले पुढे येऊन सहकारी डी ब्रुयनेकडे सरपटत टाकला आणि दहाएक सेकंदांत तो जपानच्या जाळ्यात होता. जपानचा विश्वचषक तिथेच संपला.

असा गोल पाहिला की आपण म्हणतो, काय वेग होता! वेग होताच, पण वेगात जपानी खेळाडूही कमी नव्हते. फरक होता तो तोंड कुठल्या दिशेला आहे याचा.

कॉर्नर घेणाऱ्या संघाचे बरेचसे खेळाडू समोरच्या गोलाकडे तोंड करून उभे असतात. चेंडू गेला हे कळायला, वळायला, कुणाला पकडायचे ते ठरवायला वेळ जातो. त्यानंतर जागेवरून निघायचे. चांगल्या फुटबॉलपटूलाही उभ्या जागेवरून पहिले दहा मीटर धावायला पावणेदोन ते दोन सेकंद लागतात. सेकंदाला आठ मीटर वेगाने आधीच सुटलेला प्रतिस्पर्धी तेवढ्याच वेळात चौदा मीटरच्या पुढे जातो. मागे पडलेले हे चार मीटर नंतर भरून काढणे अवघड, कारण पूर्ण वेगात दोघे जवळपास सारखेच.

त्यात चेंडू माणसापेक्षा वेगवान. डी ब्रुयनेने मधले मोकळे मैदान चेंडू घेऊन पार केले, पण अंगावर माणूस येताच उजवीकडे मुनियरला पास दिला. मुनियर मोकळा होता, कारण लुकाकू आतल्या बाजूला धावला आणि जपानच्या नागातोमोला सोबत ओढून घेऊन गेला. मुनियरचा क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू, आला तेव्हाही लुकाकूने चेंडूला पाय लावला नाही, नुसती हुलकावणी दिली. मागून जवळजवळ अख्खे मैदान धावत आलेल्या चाडलीने चेंडू आत ढकलला. माझ्या मते या गोलमध्ये सर्वांत मोलाचे काम लुकाकूचेच, आणि त्याचा चेंडूला स्पर्शही नाही.

चाडली ६५व्या मिनिटाला बदली म्हणून मैदानात आला होता, म्हणजे इतरांपेक्षा ताजा होता, ही गोष्टही महत्त्वाची. पूर्ण ताकदीने धावताना स्नायूंतला तयार एटीपी, म्हणजे त्यांना थेट ऊर्जा देणारे रसायन, दोन-तीन सेकंदांत संपतो. मग एटीपी झटपट पुन्हा बनवणाऱ्या क्रिएटिन फॉस्फेटची गंगाजळी कामी येते, पण तीही दहाएक सेकंदांचीच. म्हणजे साधारण एका प्रतिहल्ल्याएवढी! ती पुरती भरायला काही मिनिटांची विश्रांती लागते.

चारच दिवसांनी कझानमध्ये ब्राझीलविरुद्ध प्रशिक्षक मार्टिनेझ यांनी यावरच डाव लावला. नेहमीची तीन जणांची बचावफळी सोडून चौघे मागे, त्यांच्यापुढे विट्सेल, फेलिनी आणि चाडली. डी ब्रुयने, हझार्ड आणि लुकाकू हे तिघे मात्र पुढेच. मधली जागा डी ब्रुयनेला देऊन लुकाकूला उजवीकडे, ब्राझीलचा डावा बचावपटू मार्सेलो पुढे गेला की मोकळी होणाऱ्या पट्टीत ठेवले. ब्राझीलचे आक्रमण सातच जणांनी थोपवायचे, म्हणजे धोका मोठा. पण पुढचे तिघे नुसते उभे दिसले, तरी त्यांची गंगाजळी भरत होती आणि ब्राझीलच्या बचावपटूंनाही त्यांच्यासाठी मागे राहावे लागत होते. शिवाय स्वतःच्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड (बचावपटूंच्या पुढे उभे राहून पास घेण्याचा दोष) नसतो, त्यामुळे मध्यरेषेच्या अलीकडून बिनधास्त सुटता येते.

३१व्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर समोरच्यांचाच. चेंडू लुकाकूकडे आला, ब्राझीलच्या खेळाडूंना चुकवत त्याने तो मैदानाच्या मधून पुढे नेला, उजवीकडे डी ब्रुयनेला दिला, आणि त्याचा जमिनीलगतचा सणसणीत फटका लांबच्या कोपऱ्यात गेला. बेल्जियम २-१ जिंकले. शेवटची पंधरा-वीस मिनिटे मात्र त्यांना जीव मुठीत धरून काढावी लागली. नेमारचा वळणदार फटका कोर्तुआने बोटांनी वर उडवला, म्हणून वाचले.

उपांत्य फेरीत फ्रान्सने वेगळाच उपाय केला. चेंडू बराच वेळ बेल्जियमकडेच राहू दिला आणि आपली माणसे मागे दाटीने उभी केली. धावायला मोकळी जागाच उरली नाही. सामन्यातला एकमेव गोल ५१व्या मिनिटाला उमतितीने डोक्याने केला, कॉर्नरवर. या वेळी कोर्तुआच्या हाती काही लागले नाही.