वेशीबाहेरची जादू

गुरांचा चारा कापायची दोन लांब पाती धार वर करून शेजारीशेजारी बांधलेली असतात. मुदांग, म्हणजे कोरियातली भगतीण, ही पाती आधी आपल्या गालाला, दंडाला, जिभेला लावून दाखवते. ढोल-झांजांची लय चढत जाते आणि ती अनवाणी त्या धारेवर उभी राहते. तिथूनच लोकांना कौल मिळतो. कोरियन मालिका पाहणाऱ्यांना मुदांग अनोळखी नाही, पण मालिकेत ती बहुतेकदा भीती दाखवायला येते. तिला शतकानुशतकं वेशीबाहेर कुणी ठेवलं, हे तिथं कळत नाही.

तिच्या विधीला ‘गुत’ म्हणतात. कोरियाच्या उत्तर आणि मध्य भागात मुदांगच्या अंगात येतं. सुरुवात आजारानं होते: अन्न जात नाही, झोप लागत नाही, औषधाचा गुण येत नाही. हा ‘शिनब्योंग’, म्हणजे देवानं धरल्याचा आजार. एखादी जाणती मुदांग तिला दीक्षा देते आणि तिची देवआई होते. दक्षिणेकडे मात्र अंगात येत नाही. तिथल्या ‘तांगोल’ घराण्यांत हे काम सासूकडून सुनेकडे जातं आणि घरातले पुरुष वाद्यं धरतात. पान्सोरी या कथागायनाची मुळं याच घराण्यांच्या संगीतात असल्याचं बरेच अभ्यासक मानतात. गावाची ठरलेली मुदांग ती तांगोल. आज याच शब्दाचा अर्थ ‘नेहमीचं गिऱ्हाईक’ असा झाला आहे.

जोसन राजवटीत (१३९२ ते १९१०) कन्फ्यूशियन विचारांचा पगडा होता. मुदांगची गणना खाटीक आणि खेळकरी यांच्यासोबत सर्वांत खालच्या थरात झाली. राजधानीच्या तटाबाहेर निघून जाण्याचे हुकूम पुन्हापुन्हा निघाले. तरी तिच्याकडून कर घेतला जाई आणि राजवाड्यातल्या स्त्रिया तिला बोलावतच राहिल्या. १८८२च्या सैनिकी बंडात राणीला सोलमधून पळावं लागलं. ती परत येणार असं एका मुदांगनं सांगितलं आणि तसंच झालं. राणीनं तिला ‘जिन्र्योंगगुन’ हा किताब दिला. एरवी असा मान राजघराण्यातल्या किंवा मोठी कामगिरी केलेल्या पुरुषांना मिळे.

करमणुकीची जादूही अशाच हलक्या मानलेल्या लोकांच्या हाती होती. नामसादांग ही गावोगाव फिरणारी पुरुषांची मंडळी. ढोलवादन, थाळ्या फिरवणं, कोलांट्या, दोरावरची चाल, मुखवट्यांचं नाटक आणि बाहुल्या हे त्यांचे सहा खेळ आजही होतात. पूर्वी त्यांच्यात हातचलाखीचा खेळही असे, त्याला ‘ओल्लून’ म्हणत. तो मागे पडला, याची मला खरंच हळहळ वाटते.

सगळ्यांत मनाला भिडतो तो जिंदो बेटावरचा ‘स्सितकिम-गुत’, मृताला धुऊन निरोप देण्याचा विधी. मृताचे कपडे चटईत गुंडाळून ती उभी करतात आणि वर वाडगा व झाकण ठेवतात. तेच त्याचं शरीर. दवण्यासारख्या वासाच्या वनस्पतीचं पाणी, धुपाचं पाणी आणि शेवटी साधं पाणी घेऊन मुदांग त्याला वरून खाली धुते. लांब पांढऱ्या कापडाच्या गाठी ती एकेक सोडवते. मनात अडकून राहिलेलं सगळं त्या गाठींत असतं. मग तेच पांढरं कापड मृताची वाट म्हणून पसरतात. मृतांना वाट दाखवणारी देवता म्हणजे राजकन्या बारी. सातवी मुलगीच झाली म्हणून बापानं टाकलेली ही पोर त्याच आईबापांसाठी परलोकातून औषधी पाणी घेऊन येते. मुलींना नाकारणाऱ्या समाजात बायकांनी ही कथा गात ठेवली. मला यातच त्या परंपरेचं बळ दिसतं.

विसाव्या शतकात घाव दोन्हीकडून बसले. जपानी सत्तेनं (१९१० ते १९४५) गुतवर बंधनं घातली. पुढे १९७०च्या दशकात ग्रामसुधारणेच्या सरकारी मोहिमेत ‘अंधश्रद्धा हटवा’ म्हणत गावोगावची देवस्थानं पाडली गेली. दुसरीकडे १९६२च्या कायद्यानं लोककलांना सरकारी संरक्षण मिळू लागलं होतं. जिंदोच्या विधीला १९८०मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. म्हणजे सरकारला मंचावरचा गुत वारसा वाटत होता आणि घरात होणारा गुत खुळचटपणा. ह्वांगहे प्रांतातून आलेल्या किम गुम-ह्वा (१९३१ ते २०१९) यांनी हे दोन्ही अनुभवलं. वयाच्या सतराव्या वर्षी आजीकडून दीक्षा घेतलेल्या या मुदांगनं १९८२मध्ये अमेरिकेत कला सादर केली. १९८५मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गुतच्या वारसदार म्हणून त्यांना सरकारी मान्यता मिळाली.

जेजू बेटावरचा योंगदुंग-गुत २००९मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात वाऱ्याची देवी येते, तिला पाणबुड्या बायका निरोप देतात. चटईवर बाजरीसारखे बारीक दाणे फेकले जातात. ते कुठे दाट पडले, कुठे विरळ, यावरून यंदा समुद्रात काय पिकेल हे मुदांग सांगते. मग गवताची छोटी होडी नैवेद्यासह खोल पाण्यात सोडून देतात.