भंगार गाड्यांसाठी केलेला कायदा आणि दानात आलेली सुप्रा

जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात नव्या पिढीची पहिली टोयोटा सुप्रा २१ लाख डॉलरना गेली. तिच्या लाँच एडिशनची शोरूममधली किंमत होती ५५,२५० डॉलर. पैसे अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि बॉब वुडरफ फाउंडेशन या दोन संस्थांना मिळाले. त्याआधी २०१६ मध्ये होंडाच्या नव्या अक्युरा एनएसएक्सची पहिली गाडी अशीच १२ लाख डॉलरना विकली गेली होती. अशा बातम्या वाचून गॅरेजमध्ये जुनी सुप्रा, एनएसएक्स किंवा स्कायलाइन जपणाऱ्या मालकाचा समज होतो की गाडी संस्थेला दिली की लिलावात येईल तेवढी रक्कम आपल्या उत्पन्नातून वजा होणार. बहुतेक वेळा तसं होत नाही. का होत नाही, हे समजायला अमेरिकेतल्या गाडीदानाचा इतिहास पाहावा लागतो.

दानावर करवजावट १९१७ पासून आहे. रोख दानात ती सोपी, वस्तूच्या दानात किंमत ठरवायची कोणी, हा प्रश्न उरतो. १९६९ च्या कर-सुधारणा कायद्याने इथे एक पाचर मारली. किंमत वाढलेली वस्तू संस्थेने आपल्या मूळ कामासाठी वापरली नाही, तर दात्याला वाढीव किमतीची पूर्ण वजावट नाही. आज हा नियम असा चालतो: वस्तू वर्षभराहून जास्त काळ जवळ असेल आणि संस्था ती आपल्या कामात वापरणार असेल, तर बाजारभाव धरा, ती विकून टाकणार असेल, तर मूळ खरेदी किंमत धरा. पुढे १९८४ मध्ये ५,००० डॉलरवरच्या वस्तूंना पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल सक्तीचा झाला. दात्याने वस्तूच्या दानाची माहिती देण्याचा फॉर्म ८२८३ आणि संस्थेने ती वस्तू काढून टाकल्याचं कळवण्याचा फॉर्म ८२८२ तेव्हापासूनचे.

साध्या जुन्या गाड्यांना मात्र यातली फारशी झळ लागत नव्हती. १९९० च्या दशकात रेडिओवर आणि होर्डिंगवर 'गाडी द्या, कर वाचवा' अशा जाहिरातींचा सुकाळ झाला. इंजिन बसलेली गाडीही लोक दर-पुस्तिकेतली 'उत्तम अवस्थेतली' किंमत लावून दाखवत. मधला ठेकेदार ती उचलून घाऊक लिलावात टाके आणि संस्थेच्या हाती चिल्लर येई. संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, जीएओने, नोव्हेंबर २००३ च्या अहवालात हिशेब मांडला. २००० या करवर्षात सुमारे ७,३३,००० करदात्यांनी गाडीदानाची वजावट घेतली आणि त्यांचा कर अंदाजे ६५ कोटी ४० लाख डॉलरने कमी झाला. तपासलेल्या ५४ दानांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत संस्थेला मिळालेली रक्कम दात्याने सांगितलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी होती.

या अहवालानंतर ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकन जॉब्स क्रिएशन ॲक्ट आला आणि १ जानेवारी २००५ पासून नियम बदलला. ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची आणि संस्थेने गाडी न वापरता विकली, तर विक्रीतून आलेल्या एकूण रकमेपेक्षा जास्त वजावट नाही. विक्रीनंतर ३० दिवसांत संस्थेने दात्याला विक्रीची रक्कम लिहिलेला १०९८-सी फॉर्म द्यायचा. दात्याने तो विवरणपत्राला जोडायचा, नाही जोडला तर वजावट नामंजूर. परिणाम लगेच दिसला. वजावटीसाठी दाखवलेल्या गाड्यांची संख्या २००४ मधल्या सुमारे ९ लाखांवरून पुढच्याच वर्षी ३ लाखांच्या आसपास आली.

हा कायदा भंगाराच्या भावाने जाणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला. त्याच काळात जपानी गाड्यांची गोष्ट उलट्या दिशेने चालली होती.

१९८९ मध्ये, ऐन तेजीच्या काळात, निस्सानने स्कायलाइन जीटी-आर आर३२ आणली. २.६ लिटरचं सहा सिलिंडरचं आरबी२६डीईटीटी इंजिन, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद. कागदोपत्री ताकद २८० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), कारण जपानी कंपन्यांनी आपसात तेवढीच मर्यादा पाळायचं ठरवलं होतं आणि २००४ पर्यंत ती पाळली. ए८० सुप्रा आणि माझदा आरएक्स-७ एफडी याच पिढीतल्या. सुप्रा, एनएसएक्स आणि आरएक्स-७ अमेरिकेत अधिकृतपणे विकल्या गेल्या, स्कायलाइन जीटी-आर कधीच नाही. १९८० च्या दशकात युरोपातून परस्पर गाड्या आणण्याचं पेव फुटलं होतं. ते रोखायला १९८८ मध्ये आयातीचा कडक कायदा झाला आणि अमेरिकी सुरक्षा-मानकांत न बसणारी गाडी २५ वर्षांची होईपर्यंत दारं जवळपास बंद झाली. त्यामुळे पहिल्या आर३२ साठी २०१४ उजाडलं, नंतरच्या आर३४ जीटी-आरसाठी जानेवारी २०२४. पंचवीस वर्षं वाट पाहिलेले खरेदीदार आता कमावते झाले होते आणि भाव त्यांच्या खिशाबरोबर चढले. टोयोटा २००० जीटी तर २०१३ मध्येच लिलावात ११ लाख डॉलरच्या पुढे गेली होती.

आता हे दोन इतिहास एका गाडीवर एकत्र येतात तेव्हा काय होतं ते पाहू. समजा, एका मालकाने १९९७ मध्ये सुप्रा टर्बो ३८,००० डॉलरना घेतली आणि आज तिचा भाव १,१०,००० आहे. ती त्याने संस्थेला दिली आणि संस्थेने लिलावात पूर्ण भावाने विकली. १०९८-सी वर १,१०,००० हाच आकडा येईल आणि मालक तोच विवरणपत्रात भरेल. मेख इथे आहे. २००४ च्या कायद्याने फक्त वरची मर्यादा घातली, १९६९ चा नियम हटवला नाही. संस्थेने गाडी विकली, म्हणून वजावट ३८,००० डॉलरचीच.

दुसरा मार्ग म्हणजे गाडी स्वतः विकून रोख दान करणं. नफा ७२,००० डॉलर. संग्राह्य वस्तूंचा कमाल २८ टक्के दर लागला, तर कर २०,१६० आणि दानाला उरतात ८९,८४०. दात्याला वजावट जास्त मिळते, पण संस्थेच्या हाती सुमारे वीस हजार कमी येतात. संस्थेचा फायदा पाहायचा असेल तर गाडीच द्यावी, हे आमचं स्पष्ट मत आहे. फक्त दात्याने आकडेमोड आधी करावी, नोटीस आल्यावर नको. मूळ किमतीत गाडीचं मूल्य वाढवणाऱ्या मोठ्या कामांचा खर्चही धरता येतो, म्हणून त्यांच्या पावत्या जपा. ऑइल बदलणं, टायर घालणं यांचा खर्च त्यात धरत नाहीत.

पूर्ण बाजारभाव हवा असेल, तर गाडी संस्थेच्या कामातच राहायला हवी. संग्रहालयाने ती प्रदर्शनात ठेवली किंवा शाळेने शिकवायला वापरली, तर ते जमतं. कॅन्ससमधलं मॅकफर्सन कॉलेज जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाची पदवी देतं. अशा ठिकाणी सुप्रा उघडून शिकवणं हा संस्थेचा मूळ उद्देशच असतो. २००४ च्या कायद्यातही 'लक्षणीय वापरा'ची सूट आहे. तिचं सरकारी उदाहरण आहे गरजूंना वर्षभर रोज जेवणाचे डबे पोचवणाऱ्या गाडीचं. आर३४ कोणी त्या कामाला लावणार नाही.

संग्रहालयाला देताना क्रम चुकवू नका. आधी लेखी करार करा, त्यात वापर काय होणार ते स्पष्ट लिहा. मूल्यांकन दानाच्या तारखेआधी ६० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही आणि मूल्यांकनकाराची फी किमतीच्या टक्क्यांत ठरवता येत नाही. फॉर्म ८२८३ च्या विभाग बी वर मूल्यांकनकार आणि संस्था दोघांच्या सह्या लागतात. संस्थेने ३ वर्षांच्या आत गाडी काढली, तर तिला १२५ दिवसांत फॉर्म ८२८२ भरावा लागतो. दानाच्याच वर्षी विकली, तर वजावट खरेदी किमतीवर येते. नंतर विकली आणि संस्थेने वापराचं प्रमाणपत्र दिलं नाही, तर घेतलेली जादा वजावट दात्याच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. ही ३ वर्षांची अट २००६ च्या कायद्याने आणली.

गाडं खरं अडतं ते कागदांवर. जपानी बाजारातल्या गाडीला १७ अंकी व्हीआयएन, म्हणजे अमेरिकेत चालणारा गाडीचा ओळख क्रमांक, नसतो. आर३२ जीटी-आरच्या इंजिनमागच्या पत्र्यावर 'बीएनआर३२', एक आडवी रेघ आणि सहा आकडे एवढाच चॅसी क्रमांक ठोकलेला असतो. टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, बनवताना कोणी रेघ गाळतं, कोणी शून्य कमी टाकतं. मग तीच चूक १०९८-सी वर उतरते आणि संस्थेला टायटल पुढे करता येत नाही. म्हणून गाडी देण्याआधी पत्र्यावरचा क्रमांक, टायटल आणि जपानी निर्यात प्रमाणपत्र शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. निर्यात प्रमाणपत्रावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, उत्पादनाचा नाही. २५ वर्षं मोजतात उत्पादनापासून. काठावरची गाडी असेल, तर चॅसी क्रमांकावरून निस्सानच्या सुटे भागांच्या सूचीतून महिना काढून जोडा. कॅलिफोर्नियातल्या संस्थेने तर आधीच विचारलेलं बरं, कारण परदेशी बाजाराची १९७६ किंवा त्यानंतरची गाडी तिथल्या प्रदूषण-नियमांमुळे नोंदवणं फार महाग पडतं.

बदललेल्या गाड्यांबाबत एक गोष्ट हमखास विसरली जाते. सुप्राचे मूळ दोन टर्बो काढून एक मोठा बसवला असेल, तर काढलेले टर्बो, मूळ चाकं, ईसीयू (इंजिनचा संगणक), जास्तीची किल्ली, सर्व्हिस-पुस्तिका, जपानी लिलावाचा तक्ता हे सगळं गाडीबरोबरच द्या आणि करारात यादी लिहा. हे खोके गॅरेजमध्येच राहिले, तर लिलावात बोली थेट खाली येते. टायटलवर नाव संस्थेचं घालून घ्या. कोरी सही करून मध्यस्थाच्या हाती दिलेली गाडी कुठल्याही घाऊक लिलावात जाऊ शकते आणि तिथे तिला साध्या जुन्या कूपेचा भाव येतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मालकांचा नेहमीचा प्रश्न असतो की गाडी किंवा तिचे पैसे गावाकडच्या ट्रस्टला दिले तर चालेल का. अमेरिकी वजावटीसाठी दान तिथल्या कायद्याने पात्र ठरलेल्या संस्थेलाच द्यावं लागतं. महाराष्ट्रातल्या ट्रस्टला थेट दिलेलं धरत नाहीत. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी कर-खात्याच्या, संकेतस्थळावर संस्थेचं नाव घालून पात्रता दोन मिनिटांत तपासता येते. भारतात कर भरणाऱ्याला वजावट फक्त पैशाच्या दानावर मिळते, वस्तूवर नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या मालकाला गाडी विकून रक्कम देणं हाच मार्ग उरतो.