गावात जन्म झालाय आणि जन्माचा दाखला काढायचाय? आधी रजिस्टर कुठं आहे ते शोधा

जन्माचा दाखला काढायचा म्हटलं की लोक सरळ मूळ गावच्या ग्रामपंचायतीत जातात, म्हणजे जिथं घर आहे, शेती आहे, सातबारा आहे तिथं, आणि मग रजिस्टर चाळून चाळून नाव काही सापडत नाही. सापडणार कसं? पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडं पद्धत, त्यामुळं जन्म झालेला असतो आजोळी आणि शोधाशोध चालते वडिलांच्या गावात. कायद्यानं नोंद होते ती जन्म जिथं झाला त्या ठिकाणी, आईवडील राहतात तिथं नाही, आणि दाखलाही तिथूनच मिळतो. म्हणून गाडीला किक मारायच्या आधी आईला, मामाला, मावशीला फोन करून नीट विचारून घ्या की घरी झाला का दवाखान्यात, आणि दवाखान्यात तर कुठल्या गावच्या.

दवाखाना तालुक्याच्या गावात नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर ग्रामपंचायतीचा संबंधच येत नाही, नोंद नगरपरिषदेत. अजून एक गोची म्हणजे 2014 नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या बऱ्याच ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, तर तिथली जुनी रजिस्टरं आता नगरपंचायतीत विचारायची. आणि वाडीवर जन्म झाला असेल तर ती वाडी कुठल्या ग्रुप ग्रामपंचायतीत येते तेही बघा, कारण मधल्या काळात ग्रामपंचायत वेगळी झालेली असू शकते आणि जुनं दप्तर पहिल्या गावातच राहिलेलं असू शकतं.

दुसरा घोळ तारखेचा. आपल्याकडं एका पिढीचे निम्मे लोक 1 जूनला जन्मलेत, का ते सगळ्यांना माहितीये, गुरुजींनी पहिलीत नाव घालताना वय बसावं म्हणून टाकलेली तारीख ती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख घेऊन ग्रामपंचायतीत गेलात आणि तिथं त्या तारखेला नोंदच नाही, की समोरचा म्हणतो "नाही सापडत" आणि विषय संपला. तसं होऊ देऊ नका. अर्जातच लिहा की अमुक साल ते अमुक साल नोंद शोधून मिळावी, आणि शोधायला बाळाचं नाव देऊ नका, वडिलांचं आणि आईचं नाव द्या, आजोळची नोंद असेल तर आजोबांचं आडनावही द्या कारण कधीकधी आईचं नाव माहेरचंच लागलेलं असतं.

आता प्रत्यक्ष अर्ज. ग्रामीण भागात जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारा निबंधक म्हणजे ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. साध्या कागदावर अर्ज चालतो, बऱ्याच ठिकाणी छापील फॉर्म असतो, आपले सरकार पोर्टलवरनं ऑनलाइनही करता येतो. सोबत स्वतःचं ओळखपत्र, आईवडिलांची ओळखपत्रं, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड असेल तर ते, आणि दुसऱ्यासाठी काढत असाल तर नात्याचा पुरावा किंवा त्यांचं सहीचं पत्र. फी किरकोळ असते, पावती घ्याच. ही सेवा लोकसेवा हक्क कायद्यात येते, म्हणजे ठरलेल्या मुदतीत दाखला द्यावा लागतो आणि नाही दिला तर वर अपील करता येतं, पण त्यासाठी अर्जाची पोच हातात पाहिजे, तोंडी सांगून आलात तर काही उपयोग नाही. एका अधिकाऱ्याकडं दोन-तीन गावं असतात आणि "साहेब मीटिंगला पंचायत समितीला गेलेत" हे वाक्य ऐकायला मिळतंच, म्हणून आधी शिपायाला नाहीतर संगणक परिचालकाला फोन करून वार विचारून जावा.

दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. नाव, मधलं नाव, आईचं नाव, तारीख, इंग्रजी स्पेलिंग, सगळं. लिहिण्यातली चूक जन्म मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली दुरुस्त होते, पुरावे जोडून अर्ज करायचा. नावाची जागा कोरी असली तर घाबरू नका, नोंद बारशाच्या आधीच झालेली असते म्हणून ती कोरी राहते. जन्मनोंद झाल्यापासून 12 महिन्यांत नाव फुकट लागतं, त्यानंतर विलंब फी भरून 15 वर्षांपर्यंत. पण एकदा लागलेलं नाव आवडत नाही म्हणून बदलून मिळत नाही, ते लक्षात ठेवून आत्याला काय ठरवायचं ते ठरवू द्या.

आता म्हाताऱ्या माणसांचे दाखले. जन्म मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा, लागू झाला 1970 ला. त्याच्या आधीचा जन्म असेल तर ग्रामपंचायतीत मिळेलच असं नाही, तेव्हाच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात त्यात, आणि ती बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात बांधून ठेवलेली असतात. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधात 2023 पासून ही बुकं भरपूर उघडली गेली, त्यामुळं निदान काय मागतोय हे आता समजावून सांगावं लागत नाही. अर्ज नकलेसाठी करायचा, गाव आणि सालं टाकून. पानं इतकी कुरकुरीत झालेली असतात की कडेला हात लावला तरी तुकडा हातात येतो, आणि जुनी असली तर मोडी लिपीत. तिथं बाळाचं नाव शोधत बसू नका, बहुतेक ते नसतंच. बापाचं नाव, जात, आणि मुलगा का मुलगी, एवढ्यावरच भागवलेलं असतं. चार भावंडं असतील तर कुठली ओळ कुणाची हे घरच्या वयाच्या क्रमावरनं जुळवावं लागतं. मोडी असेल तर जाणकाराकडनं लिप्यंतर करून घ्यावं लागतं, आणि नकलेवर तहसीलचा शिक्का, सही, तारीख आहे ना ते बघून घ्या, नुसत्या झेरॉक्सला कुणी विचारत नाही.

एवढं करूनही नोंद नाहीच सापडली तर रिकाम्या हातानं परत येऊ नका, अनुपलब्धता प्रमाणपत्र मागा, म्हणजे नोंद सापडत नाही असं लेखी, नमुना 10. हा कागद लोक क्षुल्लक समजतात पण पुढचं सगळं यावर चालतं. अमेरिकेत ग्रीन कार्डच्या फाइलीला जन्मदाखला नसेल तर हाच लागतो, सोबत शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. इकडं उशिरा नोंद करायची तरी पहिला कागद हाच. एक वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर कोर्टात होत नाही, जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या तहसीलदाराच्या आदेशानं होते. बोगस दाखल्यांच्या तक्रारी आल्यावर 2025 मध्ये महाराष्ट्रात हे प्रकरण फार कडक केलंय, चौकशी होते, नुसत्या आधार कार्डावर काही होत नाही. "मी दोन दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा, असा दाखला नंतर रद्द झाला तर पासपोर्टपासून सगळंच अडकतं.

लहान बाळवाल्यांसाठी थोडक्यात. 21 दिवसांत नोंद फुकट आणि माहिती देणाऱ्याला पहिली प्रत पण फुकट, 30 दिवसांपर्यंत विलंब फी, त्यापुढं एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा नंतर जन्मलेल्या पोरांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो, शाळेचा दाखला नाही. त्यामुळं आजोळी आहे तोवरच काढून टाका, नंतर तेवढ्यासाठी पुन्हा रजा काढावी लागते.

परदेशात वापरायचा असेल तर जुना हातानं लिहिलेला दाखला देऊ नका, नोंद ऑनलाइन करून क्यूआर कोडवाला ताजा दाखला मागून घ्या. देशानुसार अपोस्टिल लागतं, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, त्यासाठी आधी मंत्रालयातल्या गृह विभागाकडनं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडनं शिक्का. दुबईला अपोस्टिल चालत नाही, वकिलातीचं साक्षांकन लागतं. आणि अमेरिकेच्या ग्रीन कार्डाला अपोस्टिल, साक्षांकन यातलं काहीच लागत नाही, तरी तिथले लोक उगाच पैसे घालवतात.