विमान तिकिटाचा परतावा अडकला? बुकिंग कंपनीविरुद्ध तक्रार कशी करावी

कस्टमर केअरला दहा फोन केले तरी ती लेखी तक्रार ठरत नाही. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. बहुधा तो तळाशी बारीक अक्षरांत सापडतो. ईमेल त्यालाच करा. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. तक्रार क्रमांक मागून घ्या.

ईमेलमध्ये बुकिंग आयडी, पीएनआर, तिकीट रद्द केल्याची तारीख आणि वेळ, भरलेली व परत आलेली रक्कम लिहा. वेळ न विसरता लिहा, कारण 'प्रवासी आलाच नाही' असं दाखवून पैसे कापण्याचा प्रकार सर्रास होतो. मागणी आकड्यात हवी. 'योग्य ती कार्यवाही करावी' लिहिलंत तर उत्तरही तसंच गुळमुळीत येतं.

हा आकडा काढायला भाड्याची फोड बघा. समजा तिकीट 6,200 रुपयांचं आहे: मूळ भाडं व इंधन अधिभार 4,900, कर आणि विमानतळ शुल्क 950, कन्व्हिनियन्स फी (बुकिंग कंपनीचं सेवा शुल्क) 350. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय; त्याच्या नियमानुसार विमान कंपनीचं रद्दीकरण शुल्क 4,900 च्या वर जाऊ शकत नाही आणि तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी 950 परत मिळायलाच हवेत. कन्व्हिनियन्स फी मात्र सहसा परत मिळत नाही. परतावा स्वतःच्या वॉलेटमध्ये टाकून कंपनी मोकळी होत असेल तर लेखी नकार द्या. क्रेडिट घ्यायचं की पैसे, हे प्रवाशानं ठरवायचं असतं.

'परतावा पाठवला' असं उत्तर आलं, तर त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा: कार्डासाठी एआरएन, यूपीआयसाठी आरआरएन. तो क्रमांक घेऊन बँकेत विचारलं की पैसे कुठे अडकलेत ते कळतं. क्रमांकच देत नसतील तर पैसे निघालेलेच नाहीत, असं समजायला हरकत नाही.

बुकिंग पोर्टल विमान कंपनीकडे बोट दाखवतं आणि विमान कंपनी पोर्टलकडे. डीजीसीएच्या लेखी एजंट वा पोर्टल हा विमान कंपनीचा नेमलेला प्रतिनिधी, म्हणून परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. तेव्हा दोघांनाही एकाच ईमेलमध्ये घ्या आणि विमान कंपनीविरुद्ध एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवरही नोंद करा.

तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथे मध्यस्थी होते, आदेश निघत नाही. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. ज्यानं पैसे भरले किंवा त्याच्या संमतीनं ज्यानं सेवा घेतली, तो तक्रारदार होऊ शकतो. व्यापारी कारणासाठी काढलेल्या तिकिटांवर मात्र हरकत येते. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असेना का. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर होतो, भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

सोबत जोडायचं ते असं: तारीखवार हकीकत, प्रतिज्ञापत्र, ओळख व पत्त्याचा पुरावा, तिकीट, बीजक, बँक विवरण, सगळे ईमेल आणि बुकिंगच्या वेळच्या रद्दीकरण अटींचा स्क्रीनशॉट. सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) म्हणून पोर्टल आणि विमान कंपनी दोघांची नावं नोंदणीकृत पत्त्यासह घाला; एक सुटलं की दुसरा सगळं त्याच्यावर ढकलतो.

मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. हेल्पलाइनवर गेलेले महिने यातून वजा होत नाहीत.